पित्ताची पिशवी : असून अडचण, पण नसून खोळंबा नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळले तेवढं गाळलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय आमच्या घरातूनच आला. आई कऱ्हाडला असते, मी पुण्याला. दोन वर्षं ती फोनवर एकच सांगायची, "काल रात्री पित्त झालं होतं गं." लग्नातलं किंवा सणासुदीचं तेलकट-तुपकट जेवण झालं की दोन-तीन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती मागे पाठीत खांद्याच्या फऱ्यापर्यंत जायची आणि पहाटेपर्यंत थांबायची नाही. सकाळी आमसुलाचं सार, दुपारी मऊ भात, मेडिकलमधून आणलेली एक गोळी, आणि विषय संपला. मीसुद्धा "तिखट कमी खा" एवढंच म्हणायचे. शेवटी एकदा पहाटे चार वाजता ती कळवळून उठली, तेव्हा सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, एक नाही, बरेच.

सर्जननी शांतपणे सांगितलं, "काकू, पिशवी काढून टाकू. दोन दिवसांत घरी जाल." आई तिथे काही बोलली नाही. घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, खडे काढायचे तर खडे काढा की. सगळी पिशवीच काढली तर पित्त राहणार कुठं? आणि मग अन्न पचायचं कसं? देवानं उगाच दिलीये का ती?"

मला उत्तर देता आलं नाही. गंमत म्हणजे आईचा हा प्रश्न जसाच्या तसा युरोपातल्या सर्जन लोकांनी एकमेकांना विचारला होता आणि त्यावर कडाक्याचं भांडणही झालं होतं. तीच गोष्ट आज सांगते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. इतिहास वाचणारी बाई आहे, त्या अंगानंच बोलणार आहे.

एक शब्द, अनेक दुखणी

आधी आपल्या शब्दाचा गोंधळ सोडवू. मराठीत "पित्त" हा शब्द किती ठिकाणी वापरतो बघा. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले, की पित्त झालं. अंगावर गांध्या उठल्या, खाज सुटली, की अंगावर पित्त उठलं. डोकं दुखून उलटी झाली, तर पित्त पडलं. आणि कुणी वाकडं बोललं की आपलं पित्त खवळतं.

यातली छातीतली जळजळ ही जठरातल्या आम्लाची भानगड. जठर म्हणजे अन्नाची पिशवी, तिथलं आम्ल वर अन्ननलिकेत आलं की जळजळतं. अंगावरच्या गांध्या म्हणजे ॲलर्जीचा प्रकार. या दोन्हींचा पित्ताशयाशी संबंध नाही. पित्ताशयात जे असतं तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. उलटीत कधी कधी शेवटी कडू हिरवं पाणी पडतं ना, तो हा रस.

आयुर्वेदातलं पित्त आणखी वेगळं, खूप व्यापक. तिथे पित्ताचे पाच प्रकार सांगितलेत : पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक. म्हणजे पचनापासून नजर आणि त्वचेच्या कांतीपर्यंत सगळं त्यात येतं. ती शरीराकडे बघायची एक संपूर्ण चौकट आहे, एका पिशवीतला रस नव्हे. आधुनिक वैद्यकाची पुस्तकं मराठीत आली तेव्हा यकृतातल्या रसाला तोच शब्द दिला गेला, आणि आपल्या बोलण्यात हे सगळे अर्थ एकमेकांत मिसळून गेले.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. माझ्या आईची दोन वर्षं याच गोंधळात गेली. "पित्त" म्हटलं की उपाय ठरलेला, त्यामुळे दुखतंय नक्की कुठं आणि कधी, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

ग्रीकांचं न सापडलेलं पित्त

असा गोंधळ फक्त आपणच घातला असंही नाही. हिप्पोक्रेटीसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी माणसाच्या शरीरात चार द्रव मानले : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. पुढे दुसऱ्या शतकात गॅलन या वैद्यानं ही मांडणी इतकी पक्की केली की युरोप आणि अरब जगात ती दीड हजार वर्षं टिकली. पिवळं पित्त वाढलं की माणूस तापट, काळं पित्त वाढलं की उदास. "मेलँकोली" हा शब्द आपण ऐकलेला असतो, त्याचा मूळ ग्रीक अर्थच काळं पित्त. पिवळं पित्त निदान पिशवीत दिसत तरी होतं. काळं पित्त मात्र शरीरशास्त्रज्ञांनी मुडदे फाडून फाडून शोधलं तरी सापडलं नाही. ते नव्हतंच.

या सगळ्यात ॲरिस्टॉटल मला फार आवडतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यानं कितीतरी प्राणी कापून बघितले आणि लिहून ठेवलं की घोडा, गाढव, हरीण यांना पित्ताची पिशवीच नसते. हे निरीक्षण आजही बरोबर आहे. पण त्यावरून तो पुढे गेला आणि म्हणाला की पित्त हा निव्वळ गाळ आहे, शरीराला त्याचा काही उपयोग नाही. इथे तो चुकला. पिशवीशिवाय चालतं, म्हणजे पित्ताशिवायही चालतं, असं त्यानं धरून चाललं.

आईची चूक याच्या बरोबर उलटी होती. पित्त लागतं, म्हणजे पिशवीही लागणारच, असं तिला वाटत होतं. पित्त आणि पित्ताची पिशवी हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, हे कळायला माणसाला दोन हजार वर्षं लागली. आजच्या भागात एवढीच गोष्ट आहे, मंडळी.

कुत्र्यांवरचे दोन प्रयोग

हे दोन प्रश्न वेगळे झाले ते दोन प्रयोगांमुळे. दोन्ही कुत्र्यांवर केलेले, आणि आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण तेव्हा भूल हा प्रकार नव्हता.

पहिला इटलीतला. ज्युसेप्पे झांबेक्कारी नावाच्या तरुण डॉक्टरनं १६८० मध्ये फ्लॉरेन्सला एक छोटं पुस्तक छापलं. जिवंत प्राण्यांचा एकेक अवयव काढून टाकला तर काय होतं, याची ती टिपणं होती. त्यानं प्लीहा काढून बघितली, पित्ताशयही काढून बघितलं. आणि पित्ताशय काढलेला कुत्रा जगला.

दुसरा प्रयोग १८४४ मधला. करणारा थिओडोर श्वान, म्हणजे शाळेत पेशीसिद्धान्तात ज्याचं नाव आपण पाठ केलं तोच. त्यानं वेगळीच गोष्ट केली. पित्ताचा आतड्याकडे जाणारा रस्ता बंद केला आणि पित्त पोटावरच्या भोकातून बाहेर काढून दिलं. शरीर पित्त बनवत होतं, पण ते अन्नाला मिळत नव्हतं. हे कुत्रे खात होते तरी खंगत गेले आणि बहुतेक मेले. जे जगले त्यांच्यात पित्तानं आतड्याकडे जायचा रस्ता परत तयार केला होता.

आता दोन्ही शेजारी ठेवा. पिशवी काढली, कुत्रा जगला. पित्त तोडलं, कुत्रा मेला. ॲरिस्टॉटलला उत्तर मिळालं आणि माझ्या आईलाही मिळालं. फक्त दोन्ही प्रयोगांत दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर होतं, आणि ते एकत्र ठेवून बघणारा माणूस अजून यायचा होता.

कारखाना आणि गोदाम

त्या माणसाकडे जाण्याआधी पित्त नेमकं काय करतं ते बघू.

पित्त बनतं यकृतात, पिशवीत नाही. हे मला स्वतःला माहीत नव्हतं. यकृत रात्रंदिवस पित्त बनवत असतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पिशवी म्हणजे यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेलं, कोवळ्या लांबट वांग्यासारखं एक गोदाम. त्यात मावतं किती? ३० ते ५० मिलिलिटर. कटिंग चहाच्या ग्लासाइतकंसुद्धा नाही. मग एवढं पित्त त्यात बसतं कसं? तर पिशवी त्यातलं पाणी शोषून घेते. दूध आटवून बासुंदी करावी तसं पित्त आटवून घट्ट करते, पाच-दहा पटींनी.

आपण जेवलो की जठरातून अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीला येतं. त्यात स्निग्ध पदार्थ असले, तूप, तेल, साय, अंड्याचं बलक, की आतड्याच्या अस्तरातून एक संप्रेरक रक्तात सुटतं. त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन. नाव अवघड, पण ग्रीक अर्थ सरळ आहे : पित्ताची पिशवी हलवणारं. शिकागोत अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग या दोघांनी १९२८ मध्ये ते दाखवून दिलं आणि त्याला हे नाव दिलं. ते रक्तातून पिशवीपर्यंत पोचलं की पिशवी आकसते आणि त्याच वेळी आतड्याच्या तोंडाशी असलेली गोल स्नायूची झडप सैल पडते. या झडपेला ओडीची झडप म्हणतात, कारण रुजेरो ओडी यानं १८८७ मध्ये तिचं वर्णन केलं. तेव्हा तो इटलीतल्या पेरुजा इथे वैद्यकाचा विद्यार्थी होता. आपल्याकडे त्या वयात पोरं जर्नल पूर्ण करायची धडपड करत असतात.

आतड्यात गेल्यावर पित्त करतं काय? आदल्या रात्रीच्या मटणाचं पातेलं नुसत्या पाण्यानं धुऊन बघा. तेलाचे थर तसेच तरंगतात. साबण घातला की तेल फुटून बारीक थेंब होतात आणि पाण्यात मिसळतात. पित्तातले क्षार हेच काम करतात. तेलाचे बारीक थेंब झाले की पाचकरसांना त्यांच्यावर काम करता येतं, आणि मग स्निग्ध अंश आतड्यातून शोषला जातो. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही त्याच वाटेनं आत जातात. श्वानचे कुत्रे खाऊनही का खंगले, ते आता लक्षात येईल.

आणखी एक कमाल आहे. हे पित्तक्षार एकदा वापरून फेकून दिले जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातले जवळपास ९५ टक्के परत शोषले जातात आणि रक्तातून पुन्हा यकृतात पोचतात. मुंबईच्या डबेवाल्यांचा रिकामा डबा दुपारी परत घरी येतो ना, तसं. दिवसात अशा कितीतरी फेऱ्या होतात.

पित्ताबरोबर कचराही बाहेर पडतो. आपल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं रंगद्रव्य होतं, आणि ते पित्तातून आतड्यात जातं. शौचाला पिवळा-तपकिरी रंग येतो तो त्यामुळेच. पित्ताची वाट अडली की हे रंगद्रव्य रक्तात साठतं, डोळे पिवळे होतात, आणि शौचाचा रंग मातीसारखा पांढुरका पडतो. काविळीत घरातली जुनी माणसं "शौच पांढरी होतेय का" असं विचारतात, त्यामागे हे कारण आहे.

खडा येतो कुठून

कोलेस्टेरॉल म्हटलं की आज आपल्याला रक्ताचा रिपोर्ट आठवतो. पण हा पदार्थ माणसाला पहिल्यांदा सापडला तो पित्ताच्या खड्यात, अठराव्या शतकात. १८१५ च्या सुमारास मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं त्याला नाव दिलं, त्याचा अर्थ साधारण "घट्ट पित्त" असा. हा शेव्रल १०२ वर्षं जगला. त्याच्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट काय आला असता, देव जाणे.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तात ते विरघळून राहतं ते पित्तक्षारांच्या आणि लेसिथिनच्या जोरावर. हे प्रमाण बिघडलं, कोलेस्टेरॉल जास्त झालं, की मुरंब्यात साखर बसावी तसे त्याचे कण बसायला लागतात. त्यात पिशवी आळशी असली, नीट रिकामी होत नसली, तर त्या कणांना वाढायला वेळ मिळतो. गरोदरपणात, लठ्ठपणात, आणि झपाट्यानं वजन उतरवलं तरी खड्यांचा धोका वाढतो. काही खडे बिलिरुबिनचेही होतात, काळे किंवा तपकिरी. गाईबैलांच्या पित्ताशयातही खडे होतात, आणि आपण ते शेकडो वर्षं ओळखतो. आजीच्या औषधांच्या पेटीतलं गोरोचन म्हणजे तेच.

कळ येते ती खडा पिशवीच्या तोंडाशी अडकतो तेव्हा. जेवण झालं, संप्रेरक सुटलं, पिशवी आकसायला लागली आणि दार बंद. म्हणून दुखणं तुपकट जेवणानंतर, आणि म्हणून ते तासनतास चालतं. आईचं प्रत्येक "पित्त" या वर्णनात चपखल बसत होतं.

आईचं निदान झाल्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी लगेच उपाय पाठवला : पाच दिवस सफरचंदाचा रस, मग रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस, सकाळी खडे पडतात. पडतात खरे, हिरवे, मऊ गोळे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००५ मध्ये अशा गोळ्यांची तपासणी छापून आली. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन नव्हतं. तेल आणि रस मिळून पोटातच तयार झालेला तो साबण होता. खडे जागच्या जागी होते.

बर्लिन, १५ जुलै १८८२

आता तो माणूस. त्याच्या आधी सर्जन लोक काय करत होते? खडे काढत, पिशवी ठेवत. अमेरिकेत इंडियानापोलिस इथे १८६७ मध्ये जॉन बॉब्स यांनी एका तिशीतल्या बाईचं पोट उघडलं ते वेगळ्याच संशयानं. आत सापडली खड्यांनी गच्च भरलेली पित्ताची पिशवी. त्यांनी खडे काढले, पिशवी शिवली, आत ठेवली. बाई पुढे कितीतरी वर्षं जगली. मग इतरांनीही तोच मार्ग धरला. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे लॉसन टेट त्यात वाकबगार झाले.

माझी आई म्हणत होती तेच ना हे? "खडे काढायचे तर खडे काढा की."

बर्लिनच्या लाझारस हॉस्पिटलमधल्या कार्ल लांगेनबुखला हे पटत नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. खडे तयार होतात कुठे? पिशवीत. मग खडे काढून पिशवी ठेवली तर नवे खडे होणारच. पिशवी काढायची ती तिच्यात खडे आहेत म्हणून नव्हे, ती खडे बनवते म्हणून. आणि पिशवीशिवाय माणूस जगेल का? तर घोडा जगतो, हत्ती जगतो, दोघांनाही पित्ताशय नाही. जुने कुत्र्यांवरचे प्रयोगही त्याला माहीत होते. दोन हजार वर्षांपूर्वीचं ॲरिस्टॉटलचं निरीक्षण या माणसानं अखेर योग्य कामाला लावलं.

तरी घाई केली नाही. काही वर्षं मृतदेहांवर हात बसवला. तोवर भूल आली होती, जखमा निर्जंतुक ठेवायचं लिस्टरचं तंत्रही आलं होतं. मग १५ जुलै १८८२ रोजी ४३ वर्षांच्या एका पुरुषाचं ऑपरेशन केलं. हा गृहस्थ सोळा वर्षं या कळांनी हैराण होता. लांगेनबुखनं पिशवीच्या नळीला गाठ मारली आणि अख्खी पिशवी काढली. दुसऱ्या दिवशी पेशंटला ताप नव्हता, दुखणं फारसं नव्हतं, आणि तो चक्क सिगार ओढत होता. दीडेक महिन्यानं तो घरी गेला.

यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं मात्र झालं नाही. लॉसन टेट यांना पिशवीच काढून टाकणं निरर्थक वाटत होतं आणि ते त्यांनी ठामपणे मांडलं. हा वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी निकाल दिला तो पेशंटनी. ज्यांची पिशवी ठेवली त्यांच्यातल्या अनेकांना परत खडे झाले. ज्यांची काढली ते जेवत-खात राहिले.

चार छोटी भोकं

पुढची शंभर वर्षं हे ऑपरेशन म्हणजे बरगडीखाली वीतभर चीर, आठवडाभर हॉस्पिटल आणि महिनाभर आराम. आमच्या मावशीच्या पोटावर तो व्रण अजून आहे.

मग १२ सप्टेंबर १९८५ ला जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावात एरिख म्यूए नावाच्या सर्जननं दुर्बीण घालून पित्ताशय काढलं. त्याच्या आधी कुर्ट सेम या स्त्रीरोगतज्ज्ञानं १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढून दाखवलं होतं, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. म्यूएनं १९८६ मध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत आपलं काम मांडलं, तर तिथे थट्टा झाली. पुढे एका पेशंटच्या मृत्यूनंतर त्याच्यावर मनुष्यवधाचा आरोप आला. त्यातून तो १९९० मध्ये सुटला, आणि १९९२ मध्ये त्याच सर्जनांच्या संघटनेनं त्याचा गौरव केला. दरम्यान १९८७ मध्ये फ्रान्समध्ये लियाँ शहरात फिलिप मूरे यांनी हेच ऑपरेशन केलं आणि तिथून ते जगभर पसरलं.

आपल्याकडे ते फार उशिरा आलं नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ते भारतातलं पहिलं. हे सोपं होतं असं नाही. सुरुवातीच्या काळात या पद्धतीत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रकार वाढले होते, आणि सर्जनांना नव्यानं शिकावं लागलं. पण कऱ्हाडसारख्या गावात आज एखादी बाई चार छोट्या भोकांवर दोन दिवसांत घरी येते, त्यामागे ही सगळी माणसं आहेत. प्रयोगात गेलेले ते कुत्रेही आहेत.

परत आईकडे

मी हे सगळं आईला सांगितलं. कारखाना यकृत, ते जागेवरच राहणार. पित्त बनत राहणार. फक्त साठवून एकदम सोडायची सोय जाणार, ते थोडं थोडं सारखं आतड्यात झिरपत राहणार. काही लोकांना सुरुवातीला तुपकट खाल्लं की पातळ होतं, बहुतेकांचं पुढे बसतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे टाकी काढली, नळ चालू. असंच ना?" मी म्हटलं, असंच. मला इतकी पुस्तकं वाचून हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं.

"घोड्याला नसते म्हणालीस?" तिनं परत विचारलं.

"नसते."

"मग चालेल. तो तर दिवसभर खातोच."

ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले, एकोणतीस भरले. कुणी भेटायला आलं की आई चहाच्या आधी बाटली दाखवते. मागच्या महिन्यात पुतण्याच्या लग्नात तिनं जिलबी खाल्ली आणि रात्रभर झोपली. मी मात्र दोनदा उठून बघून आले.

एक सांगायचं राहिलं. खडे दिसले म्हणजे ऑपरेशन, असं नाही. कितीतरी लोकांना खडे असतात आणि जन्मभर त्रास होत नाही, त्यांना बहुधा काही करावं लागत नाही. ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण घरात कुणी वारंवार "पित्त झालं" म्हणत असेल, तर आमसूल द्याच, आणि सोबत दोन प्रश्नही विचारा : नक्की कुठं दुखतं, आणि जेवणानंतर किती वेळानं? दुखण्याबरोबर ताप किंवा थंडी वाजत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर सकाळची वाट बघू नका. हे दोन प्रश्न मी दोन वर्षं आधी विचारले असते, तर आईच्या बऱ्याच रात्री वाचल्या असत्या.

आज इथेच थांबते. तुमच्या घरात "पित्त" म्हणजे काय समजतात ते मला नक्की लिहून कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.